आधी डोळे, मग पाय, हात सगळ्यात शेवटी: जायरोप्लेन सरळ आणि सपाट उडवायला शिकवताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही मूळचे डिचोलीचे, इंग्लंडमध्ये जायरोप्लेनचे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून नुकतंच काम सुरू केलंय. (जायरोप्लेन किंवा जायरो म्हणजे डोक्यावर हवेने आपोआप फिरणारा रोटर, म्हणजे पात्यांचा मोठा पंखा, आणि पुढे रेटणारा इंजिनचा प्रोपेलर असलेलं हलकं यंत्र.) तुमच्या एका विद्यार्थ्याचे पाच तास झाले, तरी त्याला मशीन एका उंचीवर ठेवता येत नाही. दोनशे-तीनशे फूट वर जातो, तेवढाच खाली येतो, नाक डावी-उजवीकडे भटकत राहतं आणि वीस मिनिटांत त्याचा हात भरून येतो. त्याला उंचीमापकावर नजर ठेवायला लावावी का आणि हा एकच धडा किती तास चालवावा, असं तुम्ही विचारलंय.

मी पेडणे तालुक्यातला, मोरजीचा. आता घरीच असतो. त्याआधी बरीच वर्षं इंग्लंडमध्येच हे शिकवलं, बहुतेक वेळ पुढे-मागे दोन सीटच्या उघड्या मशीनवर. बंद केबिनमध्ये शेजारी-शेजारी बसून शिकवत असाल तर माझ्या काही गोष्टी तुम्हाला थोड्या बदलून घ्याव्या लागतील. कुठे ते मी सांगतोच.

तुम्ही लिहिलंय, ‘त्याला मशीन धरून ठेवता येत नाही.’ माझ्या मते तो ते नको इतकं धरतोय. ट्रिम केलेलं, म्हणजे स्टिकला (हातातल्या दांड्याला) जोर न लावता ठरलेल्या वेगाला राहील असं लावलेलं, आजचं चांगलं जायरो शांत हवेत आपलं आपण बऱ्यापैकी सरळ जातं. विद्यार्थी सतत काहीतरी करत असतो म्हणून ते वर-खाली होतं. त्यामुळे ‘अजून नीट धर’ असं सांगितलं की तो अजून बिघडतो. त्याला कमी करायला शिकवायचंय, आणि हे शिकवणं अवघड असतं, कारण घाबरलेल्या माणसाला काहीच न करणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटतं.

यामागचं कारण त्याला जमिनीवरच, फळ्यापाशी समजलं पाहिजे. विमानाचे पंख धडाला पक्के जोडलेले असतात. जायरोचं धड मात्र रोटरला टांगलेलं असतं, देवळातला लामणदिवा साखळीला टांगलेला असतो तसं. स्टिक हलवली की आधी वर रोटरची फिरती चकती कलते आणि धड तिच्या मागून येतं. मधे जेमतेम क्षणभर जातो, पण नवख्याला तो क्षण फार मोठा वाटतो. त्याने स्टिक मागे घेतली, काही झालं नाही असं वाटलं, म्हणून आणखी घेतली. तेवढ्यात दोन्हींचा परिणाम एकदम येतो, नाक वर जातं, तो दचकून स्टिक पुढे लोटतो. ती हाकही उशिरा पोचते. आता मशीन डोलतंय आणि त्याच्या हातामुळे ते डोलणं वाढत चाललंय.

हे मी जायरोच्या आधी पाण्यावर शिकलो होतो. लहानपणी माझे मामा शापोरा नदीच्या मुखाशी होडीवर न्यायचे आणि सुकाणू हातात द्यायचे. दांडा दाबला तरी होडीचं नाक लगेच वळत नाही. मी आणखी दाबायचो, मग होडी भलतीकडेच निघायची आणि मी उलट दाबत बसायचो. मामा ओरडायचे नाहीत. एकच शब्द म्हणायचे: सवकास. पुढे मी तो शब्द माझ्या इंग्रज विद्यार्थ्यांनाही शिकवला. हेडसेटवर मी ‘सवकास’ म्हटलं की त्यांना कळायचं, आता हात थांबवायचा आणि मशीन काय उत्तर देतंय ते बघायचं.

एक गोष्ट मात्र इथेच ठासून सांगतो, कारण हा धडा फक्त उंची नीट राखण्यापुरता नाही. जायरोमध्ये स्टिक झटक्याने पुढे लोटणं जिवावर बेतू शकतं. रोटर फिरतो तो त्याच्यातून वर जाणाऱ्या हवेवर आणि त्याच्यावर असलेल्या वजनाच्या भारावर. नाक झटक्याने खाली दाबलं तर तो भार क्षणभर निघून जातो आणि रोटरचे फेरे घसरू लागतात. ज्या मशीनमध्ये प्रोपेलरचा रेटा गुरुत्वमध्याच्या वरून जातो तिथे तो रेटाच धड पुढे कोलमडवतो, कारण त्याला तोलून धरणारी रोटरची ओढच उरलेली नसते. ग्लासगो विद्यापीठातल्या अभ्यासात हेच पुढे आलं होतं की नाक वर-खाली होण्याच्या स्थिरतेवर सगळ्यात जास्त प्रभाव गुरुत्वमध्य आणि प्रोपेलरच्या रेट्याची रेषा यांच्यातल्या अंतराचा असतो. आजच्या मशीनचं शेपूट मोठं असतं, रेषाही बऱ्याच जुळवलेल्या असतात, तरी नियम तोच. डोलणं सुरू झालं तर त्याच्या मागे लागायचं नाही. थ्रॉटल (इंजिनचा जोर) थोडा कमी, स्टिक नेहमीच्या जागी स्थिर, आणि वाट पाहायची. हा क्रम विद्यार्थ्याच्या तोंडून मी पहिल्या उड्डाणाआधीच वदवून घ्यायचो.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे वळतो. माझा क्रम ठरलेला असायचा आणि त्याची सुरुवात डोळ्यांपासून व्हायची.

उघड्या जायरोत पुढच्या सीटवर बसलेल्याला समोर जवळजवळ काहीच दिसत नाही. विमानात लांबलचक बॉनेट असतं, त्याची कड क्षितिजाशी जुळवता येते. इथे पायांच्या पुढे नाक खाली उतरून गेलेलं असतं आणि मग एकदम आकाश. विद्यार्थ्याला पकडायला काही मिळत नाही म्हणून तो डायलवर नजर नेतो. उंचीमापक तर झालेली चूक उशिरा सांगतो. काटा हलेपर्यंत नाक कधीच वर गेलेलं असतं, आणि त्याने काट्याला उत्तर देईपर्यंत काटा दुसरीकडे निघालेला असतो. म्हणजे मशीनचा उशीर, काट्याचा उशीर आणि माणसाचा उशीर असे तीन एकावर एक चढतात. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: उंचीमापकावर नजर ठेवायला अजिबात लावू नका.

मी काय करायचो ते सांगतो. मशीन ताशी ७० मैलांच्या वेगाला सपाट करून ट्रिम करायचो आणि विचारायचो, समोरच्या छोट्या काचेची वरची कड आणि क्षितिज यांच्यामध्ये किती बोटं आहेत? हात लांब करून मोजायला लावायचो. कुणी तीन म्हणायचा, कुणी चार. आकडा त्याच्या उंचीवर आणि बसण्यावर ठरतो, तो त्याचा स्वतःचा असला पाहिजे. मग मी नाक थोडं वर न्यायचो: आता किती? थोडं खाली: आता? पंधरा मिनिटं स्टिक माझ्याकडेच असायची आणि तो फक्त बोटं सांगायचा. हे चित्र डोळ्यांत बसल्याशिवाय स्टिक त्याच्या हाती देऊ नये असं माझं पक्कं मत आहे. शेजारी-शेजारी सीट असतील तर ध्यानात ठेवा, तुम्हाला दिसणारं चित्र आणि त्याला दिसणारं चित्र वेगळं असतं. सरळ समोरचा बिंदू म्हणजे केबिनचा मध्य असं समजून तो तिरका उडत राहतो. त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्या बाजूच्या काचेवर पुसता येणाऱ्या पेनने ठिपका करा.

मागच्या सीटवर बसलात तर विद्यार्थ्याचा चेहरा दिसत नाही, पण हेल्मेट दिसतं, आणि ते खोटं बोलत नाही. हेल्मेट दर दोन सेकंदांनी खाली झुकत असेल तर तो काट्यांमागे लागलाय. मी मग उंचीमापक आणि वेगाचा डायल कागदाने झाकायचो. रोटरचे फेरे आणि इंजिनचे डायल मात्र कधीच झाकू नका. मागे तुमच्याकडे स्वतंत्र डायल नसतील, पुढचेच खांद्यावरून बघत असाल, तर हा प्रयोग करू नका. तिथे नुसतं म्हणा, ‘दूर बघ’. बहुतेकांची उंची कागद लावल्यावर पाच-दहा मिनिटांत सुधारते, आणि ही सुधारणा कागद काढून त्याला दाखवली की तुमच्या शंभर वाक्यांचं काम होतं.

क्षितिज कोणतं धरायचं हेही शिकवावं लागतं. मोरजीच्या वाळूवर उभं राहून दसऱ्यानंतर पश्चिमेला बघा, पाणी आणि आकाश सुरीने कापल्यासारखं वेगळं दिसतं. तीच जागा मे महिन्यात बघा, समुद्र कुठे संपला ते कळत नाही. आणि मोपाच्या पठारावरून पूर्वेला बघितलंत तर सह्याद्रीची रांग दिसते, पण तिचा माथा म्हणजे क्षितिज नव्हे. खरी रेषा त्याच्या बरीच खाली, डोंगराच्या पायथ्याकडे असते. डोंगराच्या माथ्याशी नाक जुळवणारा विद्यार्थी नकळत नाक वर ठेवून उडतो आणि वेग का पडतोय म्हणून गोंधळतो. तुमच्याकडे टेकड्या आहेत, हिवाळ्यात धुरकटही असतं. त्याला सांगा, या टेकड्या काढून टाकल्या आणि मागे समुद्र असता तर त्याची रेषा कुठे आली असती, तिथे बघ.

डोळ्यांनंतर पाय, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी पेडल्स. याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि तुमच्या विद्यार्थ्याची अर्धी उंची माझ्या अंदाजाने पायांतूनच गळतेय. जायरो तिरकं उडायला सहज तयार होतं. विमान तिरकं झालं तर माणसाला कुशीत ढकलल्यासारखं जाणवतं. जायरोत, विशेषतः कमी वेगाला, ते फारसं जाणवत नाही. थ्रॉटल वाढवला की प्रोपेलरच्या हवेने आणि पिळाने नाक एका बाजूला ओढलं जातं. कोणत्या बाजूला, ते इंजिन कसं फिरतं यावर ठरतं. विद्यार्थी पायाने ते थांबवत नाही, स्टिक बाजूला धरून सावरतो. आता मशीन कुशीवर हवा खात चाललंय, हवेचा अडथळा वाढला, उंची सुटू लागली, म्हणून त्याने स्टिक मागे घेतली, वेग पडला, म्हणून थ्रॉटल दिला, आणि नाक पुन्हा बाजूला गेलं. तुम्हाला मागून फक्त उंची हललेली दिसते. सुरुवात पायांपासून झालेली असते.

यावर उपाय म्हणजे काचेवर किंवा नाकावर लावलेला लोकरीचा दोरा. दोऱ्याचं शेपूट उजवीकडे उडालं तर डावा पाय, डावीकडे उडालं तर उजवा. पहिली वीस मिनिटं स्टिक माझ्याकडे, पाय त्याचे. मी थ्रॉटल वाढवायचो, कमी करायचो, त्याने दोरा मधे ठेवायचा. काहीजणांना हे कंटाळवाणं वाटायचं, पण याच वीस मिनिटांनी पुढे टेकऑफच्या वेळी वाचवलेलं मी पाहिलंय.

मग थ्रॉटल. विमानातून आलेल्या विद्यार्थ्याला इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. उंची कमी झाली की स्टिक मागे, ही सवय त्याच्या हाडांत असते. वेग कमी झाला की नाक झटकन खाली, ही दुसरी सवय तर जायरोत सरळ धोक्याची. मी शिकवताना वेगळं वाटून देतो: वेग नाकाने, उंची थ्रॉटलने. काही प्रशिक्षक याच्या उलट शिकवतात, आणि क्रूझच्या, म्हणजे नेहमीच्या प्रवासाच्या वेगाला दोन्ही पद्धती चालतात हे मी मान्य करतो. कमी वेगाला मात्र एकच चालते, आणि विद्यार्थ्याला एकाच कामासाठी दोन सवयी लावाव्यात असं मला वाटत नाही.

हे पटवायला एक प्रयोग करा. २००० फुटांवर ७० मैलांच्या वेगाला मशीन सपाट ठेवा आणि थ्रॉटलला मुळीच हात लावू नका. नाक हळूहळू उचलत वेग ५५ वर आणा. मशीन चढू लागेल, विद्यार्थी खूश होईल. आणखी उचला. ४५ च्या आसपास चढ विरत जातो. ३५ वर आलात की नाक आकाशाकडे आणि मशीन खाली उतरतंय, आणि स्टिक जितकी मागे घ्यावी तितकं ते जास्त उतरतं. आकडे तुमच्या मशीनप्रमाणे आणि वजनाप्रमाणे थोडे बदलतील, पण क्रम बदलत नाही. परत येताना नाक सवकास खाली, थ्रॉटल थोडा, पाय विसरू नका. ‘ओढलं की वर जातं’ हा समज इतक्या स्वच्छ रीतीने मोडणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

इथे विद्यार्थी हमखास विचारतो, एवढ्या हळू गेल्यावर रोटर थांबणार नाही ना? ही भीती विमानाकडून आलेली असते. हुआन द ला सिएर्वा या स्पॅनिश अभियंत्याचं तीन इंजिनांचं विमान १९१९ मध्ये असंच वेग पडून कोसळलं होतं. वेग गेला तरी पंख चालूच राहील असं यंत्र करायच्या ध्यासातून त्याचं ऑटोजायरो, म्हणजे आजच्या जायरोचा पूर्वज, आलं आणि १९२३ मध्ये ते नीट उडालं. विद्यार्थ्याला रोटरच्या फेऱ्यांचा डायल दाखवा. वेग ७० वरून ३५ वर आला तरी फेरे फारसे हलत नाहीत, कारण रोटरवर वजन तेवढंच आहे. भीती बाळगायचीच तर ती वजन निघून जाण्याची, म्हणजे पुन्हा त्या पुढे झटका मारण्याची.

आता शेवटी हात. स्टिक रोटरबरोबर थरथरत असते, बारीक गोल फिरत असते. नवखा ती थरथर थांबवायला मूठ आवळतो आणि वीस मिनिटांत हात दुखतो, तुमच्या विद्यार्थ्याचं नेमकं हेच चाललंय. थरथर थांबवायची नसते. कोपरापुढचा हात मांडीवर टेकवायला लावा, स्टिक अंगठा आणि दोन बोटांत. आणि ट्रिम. बरेच विद्यार्थी ट्रिम न करताच स्टिकचं वजन उचलत बसतात, त्यांचा हात दुखतो तो त्यामुळेही. नाक जागेवर आणा, तिथे धरा, वेग ठरू द्या, मगच ट्रिम. वेग ठरायच्या आधी ट्रिमचं बटण दाबत राहणारा विद्यार्थी दिवसभर ट्रिमच करत बसेल. ट्रिम जमल्यावर शांत हवेत त्याला दोन्ही हात मांडीवर ठेवायला सांगा, तुमची बोटं स्टिकभोवती न टेकवता तयार ठेवा. मशीन त्याच्याशिवाय सरळ चाललेलं बघून त्याचे खांदे खाली येतात. मागच्या सीटवरून ते दिसतं. माझ्यासाठी तो क्षण धड्याचं वळण असायचा.

आता तुमच्याबद्दल, कारण हे मी स्वतः चुकून शिकलोय. सुरुवातीच्या वर्षांत माझा एक विद्यार्थी आठ तासांत सुरेख उडवू लागला होता. एक दिवस मला खोकल्याची उबळ आली आणि मी स्टिकवरचा हात काढला. मशीन लगेच डोलायला लागलं. इतके दिवस माझी दोन बोटं त्याच्या प्रत्येक चुकीला नकळत आवर घालत होती. त्याने पाहिलेलं सरळ उड्डाण माझं होतं. त्या मुलाचे ते तास मी वाया घालवले, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून पुरेशा उंचीवर असताना माझा हात गुडघ्यावर आणि स्टिकपासून वीतभर दूर. जमिनीजवळ अर्थातच नाही. बोलणंही कमी करा. त्याची चूक दिसली की मनात दोन मोजा, बऱ्याचदा तोच सुधारतो, आणि स्वतः सुधारलेलं त्याच्या अंगात राहतं.

किती तास, हा तुमचा दुसरा प्रश्न. यावर आकडा देणं मला प्रामाणिक वाटत नाही. मोटरसायकल चालवणारा, होडी चालवणारा, विमान उडवणारा, साठीतला, विशीतला, सगळे वेगळे. हवा दुपारी तापून उसळायला लागली की चांगल्याचाही धडा बिघडतो, म्हणून पहिले तास सकाळी लवकरच घ्या. पण एकाच धड्यावर सलग चार-पाच तास घालवू नका. उंची ५०-६० फुटांच्या आत आली की चढणं, उतरणं, वळणं सुरू करा आणि सरळ उड्डाण रोज सरावाच्या जागी जाता-येता दहा-दहा मिनिटं पक्कं करा. दर पंधरा मिनिटांनी मशीन स्वतःकडे घ्या, त्याला दोन मिनिटं हात झटकू द्या, खाली काय दिसतंय ते बघू द्या.

आणि पहिल्या एकट्या उड्डाणाच्या आधी हे नक्की सांगा: मागची सीट रिकामी झाली की तोच थ्रॉटल ठेवल्यावर मशीन सपाट राहणार नाही, चढत जाईल. वजन कमी म्हणून रोटरचे फेरेही थोडे कमी दिसतील. नाकाची बोटंही बदलतील, ट्रिमही. हे आधी माहीत नसेल तर तो घाबरून स्टिक पुढे दाबेल. थ्रॉटल कमी कर, एवढंच त्याच्या डोक्यात असलं पाहिजे.

तुमचं मशीन कोणतं, ट्रिम हवेच्या दाबावर आहे की विजेवर, आणि उडताना तुमचा स्वतःचा हात कुठे असतो, हे कळवलंत तर आणखी नेमकं सांगता येईल. चवथीला डिचोलीला येणार असाल तर एक दिवस मोरजीला या, संध्याकाळी वाळूवर बसून क्षितिजाची बोटं मोजू.